आला आणि आला असावा



आपल्या शाळेतून शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात गेलेली एक विद्यार्थिनी दिवाळीच्या सुटीत मला भेटावयास आली होती. अकरावीला तिने फ्रेंच भाषा घेतली आहे. गुण चांगले पडतात, असे तिला कोणी सांगितले होते. बोलता बोलता ती म्हणाली, "बाई, फ्रेंचमध्ये 'स्युब्जोंक्तिफ पासे' नावाचा एक प्रकार आहे. कोष्टक भलेमोठे आणि परीक्षेत प्रश्न एखादाच. तेवढा सोडून दिला तर चालेल का?"

मी पदवीसाठी फ्रेंच शिकले होते, हे तिला ठाऊक होते. म्हणूनच तिने मला विचारले. मी तिला त्या वेळी एवढेच म्हटले, "गुणांपुरते पाहिलेस तर चालेल, पण सोडू नकोस." या उत्तराने तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मला जे तेव्हा नीट सांगता आले नाही, ते या वार्षिकाच्या निमित्ताने सांगत आहे. ते केवळ फ्रेंच घेणाऱ्यांसाठी नाही. ज्यांना आयुष्यात फ्रेंचचा एकही शब्द लागणार नाही, त्यांच्यासाठी ते अधिक आहे.

प्रथम हा प्रकार आहे तरी काय, ते पाहू. आपल्या व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगितले आहेत : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. 'तो आला' हा स्वार्थ. घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगितली. बोलणाऱ्याने त्यात स्वतःचे काही मिसळले नाही. परंतु माणूस नुसत्या घडलेल्या गोष्टी सांगत नाही. तो शंका घेतो, इच्छा करतो, अंदाज बांधतो, खेद मानतो. अशा वेळी क्रियापदाने आपला वेष बदलावा, अशी सोय बहुतेक भाषांनी करून ठेवली आहे. फ्रेंचमध्ये त्या वेषाला 'स्युब्जोंक्तिफ' म्हणतात आणि क्रिया पूर्वीच होऊन गेलेली असेल तर 'स्युब्जोंक्तिफ पासे'.

"तो आला, असे मला वाटते" हे फ्रेंच माणूस "ज्य क्र्वा किल ए वन्यू" असे म्हणतो. येथे क्रियापद साधे आहे, कारण बोलणाऱ्याचा विश्वास आहे. पण तोच माणूस "तो आला असेल असे मला वाटत नाही" असे म्हणू लागला, की 'ए वन्यू' जाऊन 'स्वा वन्यू' येते : "ज्य न क्र्वा पा किल स्वा वन्यू". विश्वास डळमळला आणि क्रियापद बदलले. "तो आला असणे शक्य आहे" यालाही 'स्वा वन्यू'च.

आता या 'स्वा वन्यू'ची फोड करा. 'वन्यू' म्हणजे 'आला', हे भूतकालवाचक धातुसाधित. 'स्वा' हे 'असणे' या सहाय्यक क्रियापदाचे शंका-इच्छा दाखविणारे रूप. दोन्ही जोडा : आला असावा. आश्चर्य वाटले ना? ज्या कोष्टकाला ती मुलगी भ्याली होती, ते ती पाच वर्षांची असल्यापासून घरात बोलत आली आहे. "बाबा आले असावेत, दाराशी चपला दिसतात" या वाक्यात जी रचना आहे, तीच ही रचना. सहाय्यक क्रियापदाने शंका वाहावयाची आणि धातुसाधिताने काळ वाहावयाचा.

पाठांतराचे ओझेही वाटते तेवढे नाही. सहाय्यक क्रियापदे दोनच. एकाची रूपे कानाला स्वा, स्वायों, स्वाये अशी तीन, आणि दुसऱ्याची ए, एयों, एये अशी तीन. लिहिताना पहिल्याची पाच आणि दुसऱ्याची सहा होतात एवढेच. येणे, जाणे, निघणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांना पहिले सहाय्यक लागते आणि बहुतेक सर्व इतरांना दुसरे. पहिल्या गटात धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इंग्रजीवरून फ्रेंचकडे जाणाऱ्याला हे अवघड जाते. आपल्याला जाऊ नये, कारण आपण 'तो आला, ती आली' म्हणतच असतो. दुसऱ्या गटात कर्म आधी आले तर धातुसाधित कर्माप्रमाणे बदलते. 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना लिहिणारा पुरुष असला तरी आपण 'लिहिलेली'च म्हणतो. फ्रेंच माणूसही तेथे 'एक्री' न म्हणता 'एक्रीत' म्हणतो. आपला कर्मणी प्रयोग ज्याला पक्का समजला, त्याने फ्रेंचचे अर्धे रान आधीच नांगरून ठेवले आहे. म्हणून माझे पहिले मत असे, की परक्या भाषेचे व्याकरण कठीण वाटते ते बहुधा आपल्या भाषेचे व्याकरण आपण वाऱ्यावर सोडून दिलेले असते म्हणून.

मात्र एक सावधगिरी हवी. आपला संकेतार्थ म्हणजे फ्रेंचांचा हा प्रकार नव्हे. हे समजावून सांगण्यासाठी मी तुम्हाला देवासला नेते.

काही वर्षांपूर्वी मी माळव्यात धार आणि देवास ही दोन गावे पाहण्यास गेले होते. दोन्ही ठिकाणी पवारांची मराठी राज्ये होती. देवासची तर गंमत अशी, की दोघा भावांनी मिळविलेल्या एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली. थोरल्या पातीचे तुकोजीराव पवार, तिसरे, यांच्याकडे १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खाजगी चिटणीस म्हणून राहिले होते. त्यांनी त्या दिवसांवर पुढे १९५३ मध्ये 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. देवासच्या टेकडीवरील देवीचे नाव अशा रीतीने इंग्रजी वाङ्‌मयात गेले. पण या राजाचा शेवट सुखाचा झाला नाही. राज्याचा खजिना रिता झाला, ब्रिटिश सरकारशी बेबनाव झाला आणि १९३३ च्या अखेरीस महाराज देवास सोडून पाँडेचरीस, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच हद्दीत, जाऊन राहिले. १९३७ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले.

आता आपण म्हणतो, "महाराज परत आले असते, तर कदाचित त्यांची गादी सावरली असती." हा संकेतार्थ. महाराज परत आले नाहीत, हे या वाक्यात गृहीत आहे. फ्रेंचमध्ये अशा वाक्याला स्युब्जोंक्तिफ लागत नाही. तेथे 'सि' म्हणजे 'जर' या शब्दापुढे साधा पूर्णभूत आणि 'तर'च्या भागात निराळेच संकेतरूप येते. उलट "महाराज गेले याचे मला वाईट वाटते" हे मराठीत सरळ स्वार्थात सांगतात आणि फ्रेंचमध्ये मात्र तेथे 'स्वा पार्ती' म्हणावे लागते. गोष्ट घडली आहे, शंका मुळीच नाही, तरीही मनाचा रंग तिला लागला म्हणून क्रियापद बदलते. म्हणजे दोन भाषांनी एकच प्रदेश दोन निराळ्या रेषांनी वाटून घेतला आहे. परकी भाषा शिकण्याचा खरा लाभ मला यातच दिसतो. आपण ज्याला नैसर्गिक समजत होतो, ती आपल्या पूर्वजांनी आखलेली एक रेषा होती, हे ध्यानात येते.

देवासमध्ये ज्या मराठी कुटुंबात मी उतरले होते, तेथे सात-आठ वर्षांची एक नात होती. ती मला म्हणाली, "काल दादा येता, तर तो तुम्हाला टेकडीवर नेता." आजीबाईंनी तिला लगेच टोकले, "अगं, 'आला असता', 'नेलं असतं' म्हणावं. यांच्यापुढे हिंदी मराठी करू नकोस." मुलगी ओशाळली. मी आजीबाईंना म्हटले, "आजी, हिंदीच्या वळणाने आले असेल, पण रूप मराठीच आहे. 'पाऊस पडता तर पीक येते' असे आपले पूर्वज म्हणत. ताख्याताचा संकेतार्थ तो हाच." दादोबा पांडुरंगांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण छापले आणि मोरो केशव दामल्यांनी १९११ मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा मोठा ग्रंथ सिद्ध केला, तो अशा रूपांना नावगाव मिळावे म्हणूनच. आपण 'असता' हे एकच क्रियापद त्या जुन्या वेषात ठेवले आहे आणि बाकीच्यांना त्याच्या मागे उभे केले आहे. फ्रेंचांचेही असेच झाले. त्यांच्या स्युब्जोंक्तिफची दोन जुनी भूतकाळी रूपे बोलण्यातून गेली आणि ग्रंथांतच उरली. 'स्वा वन्यू'सारखे जोडरूप मात्र बाजारहाटातही जिवंत आहे. तेव्हा "फ्रेंच लोकांनीच टाकून दिलेले आम्ही का शिकावे?" असे कोणी म्हणेल, तर त्याने कोणते रूप टाकले व कोणते ठेवले, हे आधी पाहावे.

देवासहून मी धारला गेले. भोज राजाचे हे गाव. अकराव्या शतकातील या परमार राजाच्या नावावर 'सरस्वतीकंठाभरण' या एकाच नावाचे दोन ग्रंथ आहेत. एक साहित्यशास्त्राचा आणि एक व्याकरणाचा. आज भोजशाळा व कमाल मौला या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत दगडात कोरलेले दोन सर्पबंध आहेत. नागाच्या वेटोळ्यांत अक्षरे बसविलेली आहेत. एकात वर्णमाला आहे आणि दुसऱ्यात संस्कृत क्रियापदांचे काळ व अर्थ यांचे प्रत्यय आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांनी १९०३ मध्ये येथील लेखांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. भोजानंतरच्या उदयादित्य व नरवर्मा या राजांच्या काळाशी हे सर्पबंध जोडले जातात.

मुलांनो, विचार करा. राजे आपले विजय दगडात कोरतात, दाने कोरतात. येथे कोणी क्रियापदांचे कोष्टक कोरले आहे! जे आपण परीक्षेनंतर दुसऱ्या दिवशी विसरतो, ते कोणाला तरी दगडावर टिकवून ठेवण्याजोगे वाटले. संस्कृतात दहा लकार शिकवितात. त्यांतील 'लृङ्' हा घडावयाची राहून गेलेल्या क्रियेसाठी आहे. पाणिनीने तिला 'क्रियातिपत्ति' असे नाव दिले. वैयाकरण त्याचे उदाहरण देतात तेही पावसाचेच : वृष्टी झाली असती, तर सुकाळ झाला असता. आणि 'लेट्' नावाचा एक लकार वेदातच राहिला. स्युब्जोंक्तिफचा सख्खा भाऊ शोभावा असा तो. जो देश पावसाकडे डोळे लावून बसतो, त्या देशाच्या व्याकरणात 'पडला असता' यासाठी स्वतंत्र रूप असावे, यात नवल ते काय?

धारलाच लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. तिन्ही मिळून लांबी सुमारे १३ मीटर भरते. तेथे भेटलेल्या एका गृहस्थांनी मला ठामपणे सांगितले, "हा भोज राजाने उभारला." पुढे ग्रंथांत पाहिले, तर अभ्यासक लिहितात, भोज राजाने उभारला असावा. स्तंभावर तशी नोंद असलेला मूळ लेख नाही. इतर गोष्टींवरून केलेले ते अनुमान आहे. त्या गृहस्थांना खोटे बोलावयाचे नव्हते. गावाच्या अभिमानापोटी त्यांनी एक 'असावा' गाळला, एवढेच. परंतु ज्ञान आणि समजूत यांच्यामध्ये जी भिंत आहे, ती याच एका शब्दाची आहे.

हा शब्द गाळल्याने काय होते, हे मी पुस्तकांतून शिकले नाही. ते सांगण्यास मला आजही संकोच वाटतो. पण तुम्हाला उपदेश करावयाचा, तर तो लपविणे बरे नव्हे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, दुसऱ्या एका शाळेत, मी निबंधाच्या वह्या तपासत होते. दोन वह्यांत एक परिच्छेद सारखाच आढळला. त्यांतील एक मुलगा अभ्यासात मागे होता. मी भर वर्गात त्याला उभे केले आणि म्हटले, "तू याची नक्कल केलीस." 'केली असावीस' असे म्हणाले नाही, 'केलीस' म्हणाले. मुलगा काही बोलला नाही, खाली पाहत उभा राहिला. चार दिवसांनी दुसरा मुलगा स्वतःच येऊन सांगून गेला, की नक्कल त्याने केली होती. मी पहिल्या मुलाची क्षमा मागितली, तीही वर्गापुढेच मागितली. परंतु त्यानंतर त्या मुलाने माझ्या तासाला कधी हात वर केला नाही. वर्षअखेर तो ती शाळा सोडून गेला. मी 'असावीस' म्हटले असते, तर त्याला उत्तर देण्यास जागा राहिली असती. मी ती जागाच बंद करून टाकली होती.

म्हणून मी म्हणते, की क्रियापदाचा अर्थ हा परीक्षेतील दोन गुणांचा विषय नाही. 'आला' आणि 'आला असावा' यांतील अंतर हे आपल्या सचोटीचे माप आहे. आज भ्रमणध्वनीवर घटकेघटकेला संदेश येतात : अमक्याने असे केले, तमक्या गावी असे झाले. पाठविणाऱ्याने ते पाहिलेले नसते, पुढे धाडणाऱ्यानेही पाहिलेले नसते. पण सारी क्रियापदे स्वार्थात असतात. 'केले असावे', 'झाले असावे' असे एखाद्याने लिहिले, तर ते वाचणारा क्षणभर थांबेल आणि विचारील, "कशावरून?" या एका प्रश्नाने किती भांडणे टळतील! फ्रेंच माणसाची भाषा त्याला 'मला शंका आहे' म्हटल्यावर क्रियापद बदलावयास भाग पाडते. आपली भाषा भाग पाडत नाही, मोकळीक देते. मोकळीक असते तेथे जबाबदारी आपली असते.

यावर काही पालक म्हणतील, "बाई, हे ठीक आहे, पण मुलांना भाषा यावी ती व्यवहारापुरती. व्याकरणाने मुले कंटाळतात." या म्हणण्यात तथ्य आहे आणि दोष आम्हा शिक्षकांचाही आहे. आम्ही कोष्टक आधी देतो आणि गरज नंतर सांगतो, किंवा सांगतच नाही. भूक नसता वाढलेले पान मूल बाजूस सारणारच. माझी सूचना अशी, की घरीच एक खेळ खेळावा. रात्री जेवताना प्रत्येकाने दिवसभरातील एक गोष्ट पाहिलेली सांगावी आणि एक तर्काने जाणलेली. पहिली 'झाली' म्हणून आणि दुसरी 'झाली असावी' म्हणून. ऐकणाऱ्याने दुसरीला "कशावरून?" असे विचारावे. आठ दिवसांत मुलाच्या ध्यानात येईल, की आपण किती गोष्टी पाहिल्यावाचून पाहिल्याप्रमाणे सांगत होतो. त्यानंतर कोष्टक द्यावे. पाठांतर टळणार नाही, टळूही नये. स्वा, स्वायों, स्वाये हे घोकावेच लागेल. पण काय घोकत आहोत, हे कळून घोकलेले विसरत नाही.

माझी मातृभाषा कोंकणी आहे. आमच्या घरी आभार मानावयाचे तर "देव बरें करूं" असे म्हणतात. लहानपणी मला ते केवळ आभाराचे शब्द वाटत. पुढे फ्रेंच शिकताना कळले, की यातील 'करूं' हे इच्छेचे रूप आहे. देवाने बरे केले, असे आपण म्हणत नाही. त्याने करावे, असे म्हणतो. माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण काय घडले आहे आणि काय घडावे, यांतील भेद तिच्या जिभेवर पक्का होता.

माझ्या त्या विद्यार्थिनीने हा लेख वाचला असावा, अशी मी आशा करते. वाचला आहे, असे तिने येऊन सांगितले, म्हणजे मग 'असावा' काढून टाकीन.